परराज्यातील जुनी मोटार : नंबर थांबेल, नाव थांबणार नाही

वरणगाव, प्रतिनिधी - खानदेशातील माणसाला जुनी मोटार घ्यायची असेल तर त्याची नजर जळगाव-भुसावळपुरती मर्यादित राहत नाही. एका बाजूला रावेरमार्गे बुऱ्हाणपूर, दुसऱ्या बाजूला महामार्गाने थेट सुरत. नात्यागोत्यातील कोणी दिल्लीत असेल तर तिथली गाडी आणखी स्वस्त पडते. एमपी-६८ किंवा जीजे-०५ अशा पाट्यांच्या मोटारी वरणगावात नव्या नाहीत. गाडी आणणे सोपे असते. ती कायद्याने आपली करून घेण्याचे काम मात्र अनेकांकडून 'पुढे बघू' या दोन शब्दांवर रेंगाळते. या विलंबाची खरी किंमत आरटीओच्या दंडात नसून विम्यात आहे, आणि ती अपघात किंवा चोरी झाल्यानंतरच लक्षात येते.

'दुसऱ्या राज्यातील गाडी वर्षभर तशीच चालवता येते' हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात हमखास ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर नव्या राज्याचा नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक ठरते. ही सवलत आहे ती क्रमांकाला. बदली होऊन स्वतःचीच गाडी घेऊन आलेल्या माणसाला ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. वरणगावच्या आयुध निर्माणीत इटारसीहून किंवा जबलपूरजवळच्या खमरियाहून बदलून आलेला कर्मचारी हे त्याचे सरळ उदाहरण. गाडी त्याचीच, नाव त्याचेच, विमाही त्याचाच; बदलला आहे तो फक्त पत्ता.

विकत घेतलेल्या गाडीची गोष्ट निराळी आहे. तिला कलम ५० लागू होते. त्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपण राहतो त्या भागातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे वरणगावकरांच्या बाबतीत जळगावच्या परिवहन कार्यालयाकडे, हस्तांतराची माहिती द्यावयाची असते. विकणाऱ्यालाही बंधन आहे. राज्यांतर्गत विक्रीत त्याला १४ दिवसांची मुदत मिळते. वाहन परराज्यात जाणार असेल तर ४५ दिवसांत त्याने ना हरकत प्रमाणपत्र, किंवा ते मिळाले नसल्यास त्यासाठी अर्ज केल्याची पोच, संबंधितांकडे पाठवावयाची असते. थोडक्यात, बारा महिन्यांचे घड्याळ क्रमांकाचे आणि तीस दिवसांचे घड्याळ नावाचे. बाजारात पहिल्याची चर्चा होते, दुसऱ्याचा उल्लेख कोणी करीत नाही.

<b>ना हरकत प्रमाणपत्र : पहिला आणि खरा अडथळा</b>

सारे प्रकरण सुरू होते ते मूळ राज्याच्या आरटीओकडून मिळणाऱ्या ना हरकत प्रमाणपत्रापासून. बोलीभाषेत याला सगळेच 'एनओसी' म्हणतात. त्यासाठी नमुना २८ भरावा लागतो आणि अर्ज करायचा असतो तो नोंदणीकृत मालकाने. येथेच बहुतेकांची गाडी अडते. बुऱ्हाणपूरच्या एजंटाकडून गाडी घेतली, त्याने ती तिसऱ्याकडून घेतली होती आणि आरसी बुकावर नाव चौथ्याचेच, अशी साखळी असेल तर अर्ज कोण करणार? एजंट हसत हसत सह्या केलेले कोरे 'टीटी फॉर्म' पुढे करतो. नमुना २९ ही हस्तांतराची सूचना आणि नमुना ३० हा हस्तांतराचा अर्ज. त्यावर मूळ मालकाची सही आहे, एवढ्याने खरेदीदार निर्धास्त होतो. पुढे सही जुळली नाही, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा संकेतांक सांगायला मूळ मालक सापडला नाही, की हेच कागद निरुपयोगी ठरतात. आरसीवरील मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याखेरीज पूर्ण रक्कम हाती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एनओसी देण्यापूर्वी तेथील कार्यालय दोन गोष्टी तपासते. वाहनावरील कर पूर्ण भरला आहे का, आणि वाहन चोरीच्या गुन्ह्यात अडकलेले नाही ना. दुसऱ्या बाबीसाठी कायद्यानेच पोलिसांचा अहवाल आवश्यक ठरविला आहे. चोरीच्या वाहनांची देशभरातील माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवतो आणि नागरिकालाही ती संकेतस्थळावर पाहता येते. थकीत ई-चलन असतील तर ती आधी मिटवावी लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँक वा वित्तसंस्थेचे संमतिपत्र हवे. कर्ज फिटले असूनही आरसीवरील बोजा उतरविलेला नसेल तर नमुना ३५ देऊन तो आधी उतरवावा. फिटलेल्या कर्जाचा न उतरविलेला बोजा हे जुन्या गाड्यांचे फार जुने दुखणे आहे.

अर्जावर कार्यालयाने तीस दिवसांत नकार कळविला नाही तर प्रमाणपत्र दिले असे मानले जाईल, अशीही तरतूद कलम ४८ मध्ये आहे. कागदावर ती दिलासा देणारी असली तरी तिच्या भरवशावर जळगावला जाण्यात अर्थ नाही. येथील खिडकीवर संगणकात दिसणारे प्रमाणपत्रच चालते. 'वाहन' या केंद्रीय संगणक प्रणालीमुळे आता ते दुसऱ्या राज्यातही पडताळता येते. मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद कागदी रजिस्टरमधून संगणकावर चढलेलीच नसते. अशा वेळी आधी मूळ कार्यालयातून ती 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते. दहा-बारा वर्षांहून जुनी गाडी घेणाऱ्याने सौदा ठरण्यापूर्वीच तिचा क्रमांक परिवहन विभागाच्या ॲपवर टाकून पाहावा.

<b>जळगावच्या कार्यालयात</b>

एनओसी हाती आल्यावर एकाच वेळी दोन कामे होतात. नमुना २७ वर नव्या नोंदणी क्रमांकाची मागणी आणि नमुना ३० वर मालकी हस्तांतर. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा. गाडी प्रत्यक्ष नेऊन मोटार वाहन निरीक्षकाला दाखवावी लागते. तो चेसिस व इंजिनचे क्रमांक कागदांशी ताडून पाहतो. एखादे अक्षर गंजलेले असेल, इंजिन बदललेले असेल पण आरसीवर नोंद नसेल, किंवा मागाहून सीएनजी किट बसविलेले असून ते कागदावर नसेल, तर प्रकरण तेथेच थांबते. गुजरातमधून येणाऱ्या गाड्यांत सीएनजी किट सर्रास असल्याने हा मुद्दा विशेष पाहावा. नोंद नसलेले किट पुढे विमा कंपनीलाही आक्षेपास पुरते.

त्यानंतर येतो कर. महाराष्ट्रात खासगी मोटारींवर एकरकमी कर आकारला जातो. व्यक्तीच्या नावावरील नव्या पेट्रोल मोटारीसाठी तो दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलसाठी अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के, अशी रचना आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाच्या प्रमाणात कमी कर पडतो. तो आपण मोजलेल्या रकमेवर नव्हे, तर गाडीच्या मूळ किमतीवरून ठरतो, हे मात्र पुष्कळांना खिडकीवरच कळते. 'गाडी दोन लाखांना घेतली, कर त्याच्या ११ टक्के' हा हिशेब चुकीचा. सहा लाखांना नवी असताना विकली गेलेली गाडी आज दोन लाखांना मिळाली, तरी गणित सहा लाखांपासून सुरू होते. म्हणून सौदा ठरविण्यापूर्वीच मूळ बिलाची प्रत मागून कराचा अंदाज घ्यावा. बुऱ्हाणपूरला वाचलेले तीस-चाळीस हजार जळगावच्या खिडकीवर जाणार असतील, तर त्या स्वस्ताईला काय अर्थ?

मूळ राज्यात भरलेल्या एकरकमी कराचा उर्वरित भाग परत मागता येतो, पण त्यासाठी महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी झाल्याचा पुरावा त्या राज्याच्या कार्यालयाला द्यावा लागतो. परतावा कोणाच्या नावे निघणार, जुन्या मालकाच्या की नव्या, हे सौद्याच्या वेळीच लेखी ठरवून घेतलेले बरे. तो मागायचाच राहून गेला अशीच उदाहरणे अधिक.

नवा एमएच-१९ क्रमांक मिळाला की त्याची उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते. जुनी पाटी हौस म्हणून जपून ठेवणारेही भेटतात. त्यांनी ती निदान गाडीवर ठेवू नये.

<b>बीएच क्रमांकाचा पर्याय</b>

आयुध निर्माणीतील कर्मचाऱ्यांनी एका पर्यायाचा विचार जरूर करावा. १५ सप्टेंबर २०२१ पासून 'भारत मालिका' म्हणजे बीएच क्रमांक सुरू झाला. संरक्षण दलांतील व्यक्ती, केंद्र व राज्य शासनाचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी त्यास पात्र आहेत. वरणगावची निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली, तिचे कर्मचारीही या व्याख्येत बसतात. या क्रमांकाला राज्य बदलले तरी पुनर्नोंदणी लागत नाही. कर दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरावयाचा असतो. आधी केवळ नव्या गाड्यांना मिळणारी ही सोय डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने जुन्या गाड्यांनाही खुली झाली, आणि बीएच क्रमांकाची गाडी अपात्र व्यक्तीलाही विकता येऊ लागली. अपात्र खरेदीदाराला मात्र आपल्या राज्याचा क्रमांक आणि कर हे दोन्ही सोपस्कार करावे लागतात. बदलीची नोकरी असणाऱ्याला दर खेपेस एनओसीच्या मागे धावण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच सोयीचा.

<b>विमा : अर्धा आपोआप, अर्धा मुळीच नाही</b>

आता मुख्य मुद्दा. 'विमा गाडीचा असतो, माणसाचा नाही. अजून आठ महिने बाकी आहेत' असे सांगून विकणारा पॉलिसीचा कागद हाती ठेवतो. हेही अर्धसत्य.

मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला त्रयस्थाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या जिवाची किंवा मालमत्तेची हानी झाली तर त्याची भरपाई देणारा. हा कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्यात अपघाताची दुरुस्ती, आग, पूर, चोरी येते. कलम १५७ सांगते की मालकी बदलली की विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाईल. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले की हे आपोआप हस्तांतर केवळ त्रयस्थाच्या जोखमीपुरते आहे. त्या प्रकरणात आरसीवर नव्या मालकाचे नाव चढले होते, तरी पॉलिसी हस्तांतरित झालेली नव्हती. गाडीला अपघात झाला आणि दुरुस्तीचा दावा फेटाळला गेला. कारण साधे आहे. स्वतःच्या नुकसानीचा विमा हा दोन पक्षांमधील करार. करारात ज्याचे नाव नाही त्याला कंपनी काही देणे लागत नाही. आणि ज्याचे नाव आहे त्या जुन्या मालकाचा त्या गाडीत आता कोणताच हितसंबंध उरलेला नाही. म्हणजे हप्ता भरलेला, पॉलिसी चालू, गाडीचा चुराडा झालेला आणि दावा करण्यास कोणीच पात्र नाही, अशी विचित्र अवस्था येते.

म्हणूनच कायद्याने नव्या मालकाला १४ दिवस दिले आहेत. तेवढ्या मुदतीत त्याने विमा कंपनीकडे हस्तांतराचा अर्ज करावा. आरसी हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. विक्रीचा करार, टीटी फॉर्म, एनओसीच्या अर्जाची पोच यांच्या आधारे कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. कंपनी बहुधा गाडीची तपासणी करते, किरकोळ शुल्क घेते आणि 'नो क्लेम बोनस'चा फरक वसूल करते. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. मागील मालकाने दावा न करता पाच वर्षे काढली म्हणून त्याला ५० टक्के सवलत मिळत असेल, तर ती त्याच्याबरोबर जाते. तो तीन वर्षांच्या आत आपल्या दुसऱ्या गाडीसाठी ती वापरू शकतो. खरेदीदाराला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

याच बोनसचा एक वेगळा उपयोगही आहे. पॉलिसीच्या कागदावर बोनसचा टक्का छापलेला असतो. पाच-सहा वर्षांची गाडी, विमा कधी खंडित नाही, तरीही बोनस शून्य किंवा २० टक्के दिसला, तर अलीकडे मोठा दावा झाला असण्याची शक्यता धरावी. सुरतेसारख्या पूर पाहिलेल्या शहरातून गाडी घेताना रंग आणि टायर यांच्याआधी हा आकडा पाहिलेला बरा.

क्रमांक बदलल्यावर पुन्हा एकदा कंपनीकडे जावे लागते. पॉलिसीवर एमपी-६८ आणि गाडीवर एमएच-१९ असे चालत नाही. नव्या क्रमांकाची आणि पत्त्याची नोंद पॉलिसीत करून घ्यावी. पत्ता बदलल्याने कधी थोडा फायदाही होतो. विम्याच्या जुन्या दररचनेत देशाचे दोन विभाग आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, अहमदाबाद, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद ही आठ शहरे 'अ' विभागात, उर्वरित सारा देश 'ब' विभागात. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 'ब' विभागात थोडा कमी असतो. दिल्लीची गाडी वरणगावला आली तर तो फरक पडतो. बुऱ्हाणपूर किंवा सुरतेहून आली तर नाही. त्रयस्थाचा हप्ता मात्र शासन ठरविते आणि तो देशभर सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तो हजार सीसीपर्यंतच्या मोटारीस २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीस ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असा होता.

आणखी एक भाग सहसा दुर्लक्षित राहतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीधारक मालकासाठीच असतो. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना नवा मालक गाडी चालवीत दगावला, तर त्याच्या घरच्यांना या रकमेवर हक्क सांगता येत नाही. महामार्ग क्रमांक ५३ वरून रोज भुसावळ-जळगाव ये-जा करणाऱ्याने याचा विचार पहिल्या दिवशीच करावा.

<b>नोंदणी नाही, तर विमाही नाही</b>

परराज्यातील खरेदीसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा ३० सप्टेंबर २०२१ चा निकाल येथे लक्षात घेण्याजोगा आहे. राजस्थानातील एका व्यक्तीने पंजाबात नवी गाडी घेतली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत १९ जुलै २०११ रोजी संपली, कायम नोंदणी केलेली नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस जोधपूर येथे मुक्कामात गाडी चोरीस गेली. विमा चालू होता. तरीही वैध नोंदणीविना वाहन वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग ठरवून न्यायालयाने दावा नाकारण्याचा कंपनीचा निर्णय योग्य ठरविला. नोंदणीचा चोरीशी काय संबंध, हा प्रश्न सामान्य माणसाला पडेल, आम्हालाही पडला. पण कायद्याची स्थिती ही आहे. जुन्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल तर हे प्रकरण थेट लागू पडू शकते.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह येथेच तपासावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कारवाईला काही प्रमाणात आवरही घातला. या घडामोडींमुळे तेथील डिझेल गाड्या पडत्या भावाने बाहेर पडल्या. महाराष्ट्रात दहा वर्षांची अशी सरसकट बंदी नाही, त्यामुळे नऊ वर्षांची दिल्लीची डिझेल गाडी येथे उरलेली सहा वर्षे चालू शकते. पंधरा वर्षांनंतर मात्र तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्याचे वाढीव शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर हे सारे पुढ्यात येते. एनओसी निघाल्याखेरीज अशा गाडीचे पैसे देणे म्हणजे शुद्ध जुगार.

<b>विकणाऱ्यानेही जागे राहावे</b>

वरणगावातून बुऱ्हाणपूरला गाडी विकणारेही थोडे नाहीत, आणि त्यांचा धोका अधिक मोठा आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालातील गाडी २००७ पासून एकामागून एक हात बदलत गेली होती. आरसीवर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एका मुलाचा जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाईची जबाबदारी कोणाची? ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे न्यायालयाने सांगितले. ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकून पैसे मोजून घेतले होते, तो जबाबदार ठरला.

म्हणून गाडी देताना तारीख आणि वेळ घातलेली ताबा पावती दोघांच्या सह्यांनी करावी, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी आणि नमुना २९ स्वतः कार्यालयात सादर करून पोच घ्यावी. कोऱ्या फॉर्मवर सही करणे टाळावे. व्यापाऱ्याला विकत असल्यास तो अधिकृत आहे का ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपविल्याची सूचना दिली की तो त्या गाडीचा मालक मानला जातो. एनओसी आणि हस्तांतराचे अर्जही तोच करू शकतो. चौकातल्या झाडाखाली गाड्या लावणाऱ्याकडे असे अधिकारपत्र असेलच असे नाही.

शेवटी काचेवरचा फास्टॅग. तो जुन्या मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो. विकणाऱ्याने तो त्याच दिवशी बंद करावा आणि घेणाऱ्याने नव्या आरसीवर नवा काढावा. नाहीतर गाडी नशिराबादच्या नाक्यावरून जाईल आणि पैसे बुऱ्हाणपुरात बसलेल्या माणसाच्या खात्यातून कापले जातील.